हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये डेक प्लेट बसवावी का? (एस्टीमचे जी१३ इंजिन, टर्बोसाठी)

माहीमकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे जुनी मारुती एस्टीम आहे. इंजिन जी१३ मालिकेतले, सोळा व्हॉल्व्हचे, १२९८ सीसीचे. गाडी आता रोजच्या वापरात नाही. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होतात तशा सरळ रेषेतल्या शर्यतींसाठी ती तयार करायची आहे आणि त्यासाठी एक लहान टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) बसवण्याचे नक्की केले आहे.

बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ७५.५ मिमी असल्यामुळे प्रत्येक सिलिंडरचे आकारमान ३२४.७ सीसी भरते. हेड उतरवून चेंबर (हेडमधली जळणाची जागा) ब्युरेटने मोजले, त्यात पिस्टनच्या माथ्यावरची आणि हेड पॅकिंगच्या जाडीतली जागा मिळवली, तेव्हा पिस्टन अगदी वर असताना उरणारी जागा ३८.२ सीसी आली. म्हणजे कम्प्रेशन (पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले तो वर असतानाची जागा) ९.५ होते. टर्बोसाठी ते ८.५ च्या आसपास आणावे, असे मला सांगण्यात आले आहे.

कुर्ल्यातल्या एका अनुभवी मिस्त्रींचे म्हणणे असे की, पिस्टन बदलण्याच्या खर्चात न पडता हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये ३ मिमी जाडीची अॅल्युमिनियमची प्लेट घालावी आणि तिच्या खाली-वर एकेक हेड पॅकिंग बसवावे. माझ्या गणिताप्रमाणे ३ मिमीमुळे १२.९ सीसी जागा वाढते आणि कम्प्रेशन ७.३५ पर्यंत खाली येते. हे मला जरा जास्त वाटले, पण ‘उतरले तर उतरू द्या, तेवढा बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवता येईल’ असे त्यांचे उत्तर आहे. शिवाय परदेशात होंडाच्या इंजिनांना हीच डेक प्लेट ब्लॉक मजबूत करण्यासाठी वापरतात, असेही वाचनात आले.

माझी शंका अशी की, एका सांध्याचे दोन सांधे केल्यावर ते इंजिन बूस्टखाली टिकेल का, आणि टिकणार असेल तर प्लेट कोणत्या धातूची, किती जाडीची आणि कोणत्या पद्धतीने करून घ्यावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तेलकट_हात

माहीमकर, आपण मोजमापासह प्रश्न विचारलात, त्यामुळे उत्तरही मोजमापानेच देता येते.

आपले मिस्त्री सुचवत आहेत ती प्लेट आणि होंडावाले वापरतात ती प्लेट, या दोन्हींचा उद्देश निरनिराळा आहे. पहिली फक्त कम्प्रेशन उतरवण्यासाठी असते; पिस्टन तिच्यात शिरत नाही, ती नुसती चेंबरची उंची वाढवते. दुसरी ब्लॉकचीच उंची वाढवते, जेणेकरून जास्त स्ट्रोकचा क्रँक किंवा लांब कनेक्टिंग रॉड आत मावावा; तिच्यातून पिस्टन खरोखर वर जातो आणि म्हणून तिची घडण पूर्णपणे वेगळी असते. पहिलीचे समर्थन करताना दुसरीचे उदाहरण देऊ नये.

आता आपले गणित पाहू. आपण प्लेटची जाडी धरली, परंतु प्लेटबरोबर येणारे दुसरे पॅकिंग धरले नाही. दाबल्यानंतर ते १.२ मिमी उरते आणि प्लेट व पॅकिंग यांचे भोक बोअरपेक्षा एक मिमी मोठे, म्हणजे ७५ मिमी आहे, असे समजा. प्लेटचे १३.३ आणि पॅकिंगचे ५.३ असे सुमारे १८.६ सीसी वाढतील, वरची जागा ५६.८ सीसी होईल आणि कम्प्रेशन ६.७ वर येईल. हा आकडा कोणत्याही पेट्रोल टर्बोसाठी आज कोणी निवडणार नाही. ऑटो चक्राच्या (पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राच्या) साध्या सूत्रानेसुद्धा ९.५ वरून ६.७ वर उतरल्यास कार्यक्षमतेतला जवळपास दहावा हिस्सा जातो, आणि टर्बो भरात येण्यापूर्वी, म्हणजे ज्या क्षणी ड्रॅगच्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) गाडीला जागेवरून सुटायचे असते नेमके त्याच क्षणी, तो जाणवतो.

उलट बाजूने गणित केले तर गंमत आणखी स्पष्ट होते. ८.५ साठी वरची जागा ४३.३ सीसी हवी, म्हणजे फक्त ५.१ सीसी वाढवायची आहे. ७५ मिमीच्या भोकाला ही जाडी १.१५ मिमी भरते. याचा अर्थ असा की, आपल्याला हवे असलेले कम्प्रेशन केवळ दुसऱ्या पॅकिंगच्या जाडीनेच गाठले जाते आणि प्लेटला जागाच उरत नाही. कोणी प्लेट सुचवली तर आधी त्यांना हा हिशेब कागदावर मांडायला सांगावा.

याहून महत्त्वाचा मुद्दा स्क्विशचा आहे. पिस्टन वरच्या टोकाला आला की त्याच्या माथ्याचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यात साधारण एक मिमीची फट उरते. त्या फटीतले मिश्रण मध्याकडे, स्पार्क प्लगकडे, वेगाने ढकलले जाते. त्यामुळे ज्योत लवकर पसरते, आणि फटीत उरलेला पातळ थर दोन्ही बाजूंच्या धातूमुळे थंड राहतो. नॉकिंगची, म्हणजे ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रण आपोआप पेटण्याची, सुरुवात बहुतेक वेळा कडेच्या, ज्योत सर्वांत शेवटी जिथे पोहोचते त्या मिश्रणात होते. हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर साइड व्हॉल्व्ह इंजिनांसाठी जे टर्ब्युलंट हेड तयार केले, त्यामागे हेच तत्त्व होते. प्लेट बसवल्यावर ही फट पाच मिमीच्या पुढे जाते. कम्प्रेशन उतरले म्हणून नॉकिंग थांबेल असे आपण धरून चालतो, आणि त्याच वेळी नॉकिंगला आवर घालणारी घडण आपल्याच हाताने काढून टाकतो. ६.७ कम्प्रेशन असूनही इग्निशन मागे घ्यावे (ठिणगी उशिरा पाडावी) लागणारी इंजिने यामुळेच दिसतात.

कुर्ला_लेथ

वरील हिशेब बरोबर आहे. मी मशीन शॉपच्या बाजूने लिहितो, कारण ‘एक प्लेट कापून द्या’ असे म्हणत येणाऱ्यांना त्या एका प्लेटमध्ये किती कामे दडलेली असतात याची सहसा कल्पना नसते.

पहिली गोष्ट सपाटपणाची. बाजारातला ३ मिमीचा पत्रा, मग तो किका स्ट्रीटवरून कितीही चांगल्या दर्जाचा आणला तरी, सपाट नसतो. तो रोलिंगमधून आलेला असतो आणि त्याच्या पोटात ताण असतात. भोके पाडली की ते ताण सुटतात आणि पत्रा वाकतो. हेडच्या बाबतीत पूर्ण लांबीत ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही, आणि प्लेटला दोन्ही तोंडे असल्याने दोन्ही तोंडे सपाट आणि एकमेकांना समांतर हवीत. पोलादी प्लेट सरफेस ग्राइंडरच्या चुंबकी टेबलावर धरता येते. अॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही. तिला चिमटे लावून धरले की ती वाकते आणि सोडली की पुन्हा उसळते. त्यामुळे पातळ अॅल्युमिनियमची प्लेट खरी सपाट करणे हे पोलादापेक्षा कितीतरी कटकटीचे काम आहे, आणि ३ मिमीच्या प्लेटला तर अंगचा ताठपणा नसतोच. मऊ व्यापारी पत्रा तर या कामासाठी घेऊच नये. ६०६१ किंवा ६०८२ जातीचा, टी६ कडक केलेला जाड पाट घेऊन तो दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून थोडा थोडा उतरवावा लागतो.

मग पोलाद घ्यावे, असे कोणी म्हणेल. परंतु आपला ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे आहेत. समजा सांध्याची लांबी ३५० मिमी आहे आणि इंजिन ३० अंशांवरून ९० अंशांवर तापते. अॅल्युमिनियम त्या लांबीत सुमारे ०.४८ मिमी वाढते, तर पोलाद ०.२५ मिमी. दोन अॅल्युमिनियमच्या मध्ये पोलाद अडकवल्यावर प्रत्येक गरम-थंड फेरीत दोन्ही पॅकिंगवर ही घासण होत राहते. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकवर अॅल्युमिनियमचे हेड असणाऱ्या इंजिनांत अशी घासण असतेच, पण तिथे कारखान्याने पॅकिंग त्या हिशेबाने बनवलेले असते आणि सांधा एकच असतो.

पृष्ठभागाच्या बाबतीत, अनेक पदरी पोलादी पॅकिंग वापरायचे असेल तर तोंडाचा खडबडीतपणा साधारण सव्वा मायक्रॉनच्या आत हवा. नेहमीच्या फेसिंग मशीनवर घाईने मारलेला हात या पॅकिंगला पुरत नाही. हा नियम प्लेटच्या दोन्ही तोंडांना, ब्लॉकला आणि हेडला, म्हणजे एकूण चार तोंडांना लागू आहे.

पाण्याच्या भोकांची नक्कल कधीही ब्लॉकवरून करू नये, पॅकिंगवरून करावी. पॅकिंगमधली काही भोके मुद्दाम लहान असतात, कारण पाणी आधी मागच्या सिलिंडरपर्यंत जावे आणि मग हेडमध्ये चढावे, अशी त्यांची रचना असते. प्लेटमध्ये सगळी भोके सरसकट मोठी केली तर पुढच्या सिलिंडरवरून पाणी सरळ वर जाते आणि मागचा सिलिंडर तापतो. हेडकडे जाणारी तेलाची वाट आणि तेल परत येण्याच्या वाटा दोन्ही पॅकिंगमधून जुळल्या पाहिजेत. डॉवेल (हेड नेमके जागेवर बसवणाऱ्या खुंट्या) नवे, लांब करावे लागतात. जुनेच डॉवेल वापरले तर ते प्लेटमध्येच संपतात आणि हेड कुठे बसायचे ते स्वतःच ठरवते.

शेवटी बोल्ट. मूळ बोल्ट वापरून सव्वाचार मिमी जाडी मध्ये घातली, तर तेवढेच आटे ब्लॉकमध्ये कमी पकडतात. अॅल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आटे बसलेले असावेत. १० मिमीच्या बोल्टला १५ ते २० मिमी. यातले चार मिमी गेले की ब्लॉकचे आटे उपसण्याची वेळ येते, आणि ते उपसतात तेव्हा सहसा हेड बसवतानाच, शेवटच्या कसणीला उपसतात. त्यामुळे प्लेट बसवायची तर लांब स्टड (ब्लॉकमध्ये रोवून वरून नट कसायचे दांडे) अटळ आहेत. ते चांगल्या पोलादाचे, आटे कापलेले नव्हे तर रोल केलेले असावेत. नागदेवी स्ट्रीटवर मिळणारा साधा आटे पाडलेला रॉड तोडून स्टड बनवू नयेत, हे लिहावे लागू नये. तरी लिहून ठेवतो.

शिवडीचा_वाफारा

वरच्या दोन्ही प्रतिसादांतला तपशील मान्य आहे. तरीही चित्र जितके काळे रंगवले गेले तितके ते नाही, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

कम्प्रेशन उतरवणाऱ्या प्लेटा अनेक दशके वापरात आहेत. ज्या इंजिनांना बदली पिस्टन मिळत नाहीत, किंवा जिथे मालकाला पुढे गाडी मूळ स्थितीत आणायची आहे, तिथे प्लेट हा परत फिरता येण्याजोगा मार्ग आहे. पिस्टन एकदा तासला की तासला. लांब स्टडचा एक फायदाही आहे, जो सहसा कोणी सांगत नाही: स्टड जितका लांब, तितका तो कसताना जास्त ताणला जातो, आणि पॅकिंग थोडे बसले तरी त्याच्या ताणातला कमी भाग हरवतो. आखूड, जाड बोल्टपेक्षा लांब स्टड सांध्याला अधिक सांभाळून घेतो.

स्क्विशबद्दल सांगायचे तर, चार व्हॉल्व्हच्या छपरासारख्या चेंबरमध्ये स्क्विशचा सपाट भाग मुळातच कमी असतो आणि प्लग जवळपास मध्यभागी असतो. जुन्या दोन व्हॉल्व्हच्या, पाचरीच्या आकाराच्या चेंबरमध्ये प्लेटने जितके नुकसान होते, तितके इथे होणार नाही. नुकसान होतेच, पण सगळ्या इंजिनांना एकच माप लावू नये.

होंडाच्या उदाहरणाविषयी. बी मालिकेतल्या बी१६ए ब्लॉकची उंची सुमारे २०४ मिमी आणि बी१८सी ची सुमारे २१२ मिमी. बी१६ए मध्ये रॉड १३४.४ मिमी आणि स्ट्रोक ७७.४ मिमी असल्याने रॉड आणि स्ट्रोक यांचे गुणोत्तर १.७४ पडते, तर बी१८सी मध्ये स्ट्रोक ८७.२ मिमी झाल्याने ते १.५८ वर येते. गुणोत्तर कमी झाले की रॉड जास्त तिरका होतो आणि पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर जास्त रेटला जातो. स्ट्रोक आणखी वाढवायचा आणि तरी लांब रॉड ठेवायचा, तर ब्लॉक उंच हवा. ती उंची तिथे जाड डेक प्लेटने मिळवतात. हे ब्लॉक वरून उघडे असतात, म्हणजे सिलिंडरांभोवती वरच्या टोकाला पाण्याची मोकळी खाच असते आणि सिलिंडरांच्या माथ्याला बाजूने आधार नसतो. जाड प्लेट हा माथा बंदही करते, त्यामुळे जास्त बूस्टखाली सिलिंडर डुलत नाहीत.

परंतु यातली कळीची गोष्ट अशी की, त्या कामात जुने लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) काढून नवे, लांब लायनर बसवतात आणि ते प्लेटमधून आरपार वरच्या तोंडापर्यंत येतात. पिस्टनच्या रिंगा संपूर्ण प्रवास एकाच अखंड लायनरवर करतात. रिंग कधीही ब्लॉक आणि प्लेट यांच्या सांध्यावरून जाता कामा नये. गेली तर ती टिकणार नाही आणि सांधाही टिकणार नाही. लायनर आरपार असल्यामुळे जळणाच्या दाबाला खालच्या सांध्याशी भिडावेच लागत नाही, तिथे फक्त पाणी आणि तेल अडवायचे असते. आपल्या ३ मिमीच्या प्लेटमध्ये मात्र दोन्ही पॅकिंगना पूर्ण दाब सोसावा लागतो.

तेव्हा माझे मत असे: कमी बूस्ट, चांगले स्टड आणि व्यवस्थित केलेली प्लेट असेल तर ती चालते. आपल्या गाडीला ती लागते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच दिसते.

तेलकट_हात

शिवडीकरांचा चेंबरच्या आकाराचा मुद्दा योग्य आहे आणि मी तो मान्य करतो. दाबाचा आकडा मात्र समोर ठेवू. ७४ मिमी बोअरचे क्षेत्रफळ ४३ चौरस सेंमी आहे. जळणाचा सर्वोच्च दाब ८० बार गेला, जो टर्बोच्या इंजिनात मुळीच अशक्य नाही, तर एका सिलिंडरवर हेडला वर उचलणारे बल साडेतीन टनांच्या आसपास जाते. दोन पॅकिंग म्हणजे बसण्याच्या आणि सरकण्याच्या दोन जागा. त्यातले कोणते पॅकिंग उडाले हेही हेड खोलल्याशिवाय कळत नाही.

गिअरबदलू

थोडे शेजारचे, पण उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मोटरसायकलवाले प्लेट हेडखाली न घालता सिलिंडरच्या बुडाशी घालतात, कारण तिथे सिलिंडर क्रँककेसपासून सुटा असतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात परिणाम जवळपास तोच, कम्प्रेशन उतरणे. फायदा इतकाच की बुडाच्या सांध्याला जळणाचा दाब सोसावा लागत नाही. दोन स्ट्रोकच्या आरएक्स १०० सारख्या इंजिनात मात्र सिलिंडर वर गेला की पोर्टही वर जातात, एग्झॉस्ट लवकर उघडते आणि गाडीचा स्वभावच बदलतो. मग कम्प्रेशन परत मिळवायला हेड घासावे लागते. मोटारीत सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतकामात असल्यामुळे हा मार्ग बंद आहे.

माहीमकर

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या पॅकिंगचा हिशेब मांडल्यामुळे बराचसा निर्णय झालाच. आता दोन शंका उरतात. प्लेटऐवजी १.१५ मिमी जास्त जाडीचे एकच तांब्याचे पॅकिंग बनवून घेतले, तर सांधा एकच राहील आणि ८.५ ही मिळेल. त्यात काही खोट आहे का? आणि हेड वर उचलले की टायमिंग बेल्टचे काय होते? मिस्त्रींचे म्हणणे की टेन्शनर सांभाळून घेईल.

कुर्ला_लेथ

टेन्शनर बेल्टचा ताण सांभाळतो, टायमिंग सांभाळत नाही. क्रँक जागेवर असतो आणि कॅम वर जातो. बेल्टची ओढणारी बाजू लांब व्हावी लागते, आणि ती वाढीव लांबी कॅमच्या पुलीवरून ओढली जाते; म्हणून पुली फिरण्याच्या दिशेने थोडी पुढे सरकते. हेड वर गेले की कॅम पुढे, हेड घासून खाली आणले की कॅम मागे, असे लक्षात ठेवावे. समजा पुलीला ८ मिमी अंतराचे ४० दात आहेत, म्हणजे परीघ ३२० मिमी. मग १ मिमी उंचीला कॅमचा १.१ अंश आणि क्रँकचे सव्वादोन अंश पडतात. आपल्या मिस्त्रींच्या प्लेटने आणि दुसऱ्या पॅकिंगने मिळून ४.२ मिमी वाढले असते, तर क्रँकवर नऊ अंशांहून अधिक फरक आला असता, म्हणजे अर्ध्या दाताइतका. त्यामुळे खुणा कोणत्याच दातावर नीट जुळल्या नसत्या. यावर उपाय म्हणजे फिरवून बसवता येणारी कॅमची पुली. १.१५ मिमीला फरक अडीच अंशांचा आहे, पण शर्यतीच्या इंजिनात तोही डायल गेज लावून दुरुस्त करावा, असा माझा आग्रह राहील.

तांब्याचे पॅकिंग चालते. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करावा लागतो, आणि दर वेळी हेड उघडल्यावर पुन्हा तापवावा लागतो, कारण दाबाखाली तांबे कडक होत जाते. जास्त बूस्टसाठी प्रत्येक सिलिंडरभोवती खाच पाडून तिच्यात पोलादी तार बसवतात. ती तार तांब्यात रुतते आणि दाब अडवते. तांब्याचा कच्चा दुवा पाणी आणि तेल हा आहे. त्या भोकांभोवती ते आपणहून सील होत नाही, तिथे सीलंट लावावेच लागते. शिवाय तांबे आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये नुसते नळाचे पाणी फिरवले तर अॅल्युमिनियम खाल्ले जाते. चांगले कूलंट योग्य प्रमाणात घालणे इथे सक्तीचे आहे. पहिल्यांदा इंजिन गरम करून पूर्ण थंड झाल्यावर स्टड पुन्हा कसावे लागतात.

तेलकट_हात

जाड पॅकिंगमुळे सांधा एक राहतो, पण स्क्विशची फट एकवरून सव्वादोन मिमीवर जाते. ती इतकी मोठी की मिश्रण ढकलले जात नाही, आणि तरी इतकी लहान की ज्योत तिथे शेवटी आणि अडखळत पोहोचते. म्हणून ८.५ च हवे असेल तर ती जागा पिस्टनच्या माथ्यावर मध्यभागी मिळवावी आणि कडेचा सपाट भाग तसाच ठेवावा. ५.१ सीसीसाठी ५० मिमी व्यासाची, २.६ मिमी खोल थाळी पुरते. मूळ ओतीव पिस्टनचा माथा इतका खणू नये. फोर्ज्ड पिस्टन बनवून घेताना हे माप ड्रॉइंगमध्ये द्यावे. व्हॉल्व्हसाठीच्या खाचा आणि वरच्या रिंगेची जागा हीही त्याच वेळी ठरवता येते.

दुसरा पर्याय असा की, ९.५ तसेच ठेवावे, बूस्ट अर्ध्या बारच्या आत ठेवावा, इंटरकूलर मोठा घ्यावा आणि शर्यतीच्या दिवशी इंडियन ऑइलचे एक्सपी १०० (१०० ऑक्टेनचे पेट्रोल) भरावे. सुरुवात इथून करावी असे मला वाटते, कारण यात इंजिन न उघडता आपल्याला नॉकिंगचा खरा अंदाज येतो. एवढ्या कम्प्रेशनवर मर्यादा इग्निशनच्या नकाशाने पाळायची आहे, त्यामुळे ईसीयू (इंजिनाचा संगणक) आपल्या हातात असला पाहिजे आणि नॉक सेन्सर नॉकिंग नीट ऐकणारा असला पाहिजे.

शिवडीचा_वाफारा

सहमत. आणि प्लेटचे पैसे वाचले आहेतच, तर ते दुसऱ्या एका प्लेटवर खर्च करावेत, जी इंजिनात राहत नाही.

हेड कसले की ब्लॉकचा वरचा भाग ओढला जातो आणि बोल्टांजवळ सिलिंडर किंचित वाकतात. हा वाक शतांश मिलिमीटरच्या एक-दोन भागांचा असतो, पण पिस्टन आणि भिंत यांच्यातली फटसुद्धा त्याच मापाची असते. मोकळ्या ब्लॉकवर होन केलेला (दगडांनी आतून घासून नेमक्या मापाचा केलेला) सिलिंडर यंत्रावर गोल असतो आणि हेड बसवल्यावर गोल राहत नाही. रिंग वाकलेल्या जागी भिंत सोडते, तिथून बूस्टचा दाब क्रँककेसमध्ये उतरतो आणि तेल वर चढते. म्हणून होनिंग करताना हेडच्या जागी एक जाड प्लेट, हेडचेच स्टड आणि हेडचाच टॉर्क (कसण्याचा ठरलेला जोर) लावून कसतात. तिला बोअरपेक्षा जरा मोठी भोके असतात आणि त्यांतून होनचे दगड आत जातात. वाकलेल्या स्थितीत गोल केलेला सिलिंडर हेड बसल्यावर गोलच राहतो. टर्बोच्या इंजिनाला हे काम मला हेडखालच्या कोणत्याही प्लेटपेक्षा अधिक मोलाचे वाटते. मुंबईत ते सगळीकडे करत नाहीत. कुर्ला_लेथ यांनी त्याबद्दल सांगावे.

कुर्ला_लेथ

करतो, पण प्लेट गिऱ्हाइकाने बनवून घ्यावी लागते, कारण प्रत्येक इंजिनाची वेगळी असते. ४० ते ५० मिमी जाडी ठेवावी. अॅल्युमिनियमचे हेड असेल तर प्लेटही जाड अॅल्युमिनियमची केली तर हेडच्या जवळची वागणूक मिळते. पोलाद अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असल्याने पोलादी प्लेटखाली ब्लॉक जरा निराळा वाकतो. तरीही पोलादी प्लेट लावून केलेले काम प्लेटविना केलेल्या कामापेक्षा केव्हाही चांगले. आपण ज्या जातीचे पॅकिंग अखेरीस बसवणार त्याच जातीचे पॅकिंग प्लेटखाली ठेवावे, कारण पोलादी पॅकिंगचे उंचवटे आणि तांब्याचा सपाट पत्रा भार वेगवेगळ्या जागी टाकतात.

माहीमकर

ठरले. हेडखाली प्लेट बसवत नाही. आधी ९.५ वर कमी बूस्टने गाडी चालवून पाहतो, आणि पिस्टन करायचे झाले तर थाळीचे वरील माप देतो. होनिंगची प्लेट मात्र बनवून घेतो. त्या वेळी मेन बेअरिंगच्या टोप्याही कसायच्या का? स्टडना तेल लावायचे की ग्रीस?

कुर्ला_लेथ

टोप्या पूर्ण टॉर्कवर कसून, शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) न घालता. त्यांनीही खालून ब्लॉक ओढला जातो. स्टडच्या आट्यांना आणि नटखालच्या वॉशरला स्टडवाल्याने सांगितलेलेच वंगण लावावे. नटावर लावलेल्या टॉर्कचा फार मोठा भाग घर्षणात जातो आणि जेमतेम दहावा हिस्सा प्रत्यक्ष ताणात उतरतो, त्यामुळे वंगण बदलले की त्याच टॉर्कला ताण बदलतो. होनिंगच्या वेळी आणि हेड बसवताना वंगण एकच हवे.

आणि पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक पाठवू नका. चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजून, त्यांवर नंबर टाकून, ब्लॉक, प्लेट, स्टड आणि पॅकिंग यांच्यासह एकत्र आणा; प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनला होन करू.